कंपनीचा नफा कसा ‘घडवला’ जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतेच डिमॅट खाते उघडलेले, निवृत्तीची पुंजी शेअरमध्ये घातलेले आणि कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात नोकरी करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूळ मुद्दे आहेत, अडचणीचे अपवाद पुढे आहेत. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नफा म्हणजे विक्री वजा खर्च. मग त्यात हेराफेरीला जागा कुठे राहते?

कंपनीचा नफा रोकड मोजून काढत नाहीत. माल गेला की पैसे हातात आले नसले तरी विक्री धरतात, आणि सेवा घेतली की बिल चुकते केले नसले तरी खर्च धरतात. पद्धत योग्यच आहे, नाहीतर उधारीवर चालणाऱ्या धंद्याचे खरे चित्र कधीच दिसणार नाही. पण तिच्यामुळे दर तिमाहीला कोणाला तरी अंदाज बांधावे लागतात. उधारीतले किती बुडेल? यंत्र किती वर्षे चालेल? वॉरंटीचे किती दावे येतील? अर्धवट पुलाचे काम किती टक्के झाले? हे अंदाज व्यवस्थापक बांधतात, आणि त्यातून निघणाऱ्या नफ्यावर त्यांचाच बोनस ठरतो.

आणखी एक गोष्ट आताच लक्षात घ्या, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावर उभी आहेत. हिशेब दुहेरी नोंदीचा असतो. नफ्यात १०० रुपये खोटे घातले, तर ताळेबंदात (मालमत्ता आणि देणी यांच्या तक्त्यात) १०० रुपयांची मालमत्ता खोटी वाढवावी लागते किंवा १०० रुपयांचे देणे दडवावे लागते. नफा-तोटा पत्रक दर १ एप्रिलला शून्यापासून सुरू होते, ताळेबंद मागचे सगळे घेऊन पुढे जातो. त्यामुळे खोटा नफा ताळेबंदात कुठेतरी साचत राहतो: येण्यांमध्ये (ग्राहकांकडून यायच्या उधारीत), मालाच्या साठ्यात, अपूर्ण बांधकामात, कधी कधी तर बँकेतल्या शिलकीत. कंपनी पारखताना नफ्याच्या आकड्यावर खिळून न राहता हा साठा कुठे आहे ते शोधायचे.

२. हे सगळे बेकायदेशीर असते का?

नाही. ६० कोटींचे यंत्र १० वर्षे चालेल असे धरले तर वर्षाचा घसारा (झिजेपोटी धरलेला खर्च) ६ कोटी होतो, १५ वर्षे धरले तर ४ कोटी. संचालक मंडळाच्या एका निर्णयाने, एकही नग जास्त न विकता, नफा २ कोटींनी वाढला. यंत्राचे आयुष्य खरेच तेवढे असेल आणि बदल हिशेबाला जोडलेल्या टिपणांत उघड केला असेल तर त्यात गैर काही नाही. तोच बदल केवळ तिमाहीचा आकडा गाठायला केला असेल तर हेतू वाईट, पण सिद्ध करणे महाकठीण.

खोटी बिले, खोट्या ठेवपावत्या, मागील तारखेचे करार हा उघड गुन्हा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४४७ मध्ये ‘फसवणूक’ या शब्दात माहिती दडवणेही येते, मग प्रत्यक्ष कोणाचा फायदा-तोटा झालेला असो वा नसो. मोठ्या रकमेच्या फसवणुकीला किमान ६ महिने ते १० वर्षे कैद आहे, सार्वजनिक हित गुंतलेले असेल तर किमान ३ वर्षे. दंड फसवणुकीच्या रकमेइतका, आणि तो तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

मला जास्त काळजी वाटते ती या दोहोंमधल्या पट्ट्याची. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात लिहिले होते की खरा आणि दाखवलेला नफा यांतली तफावत सुरुवातीला किरकोळ होती, पुढे ती वर्षागणिक वाढत गेली. यंदा पुढच्या वर्षाची विक्री उचलून आणली, की पुढच्या वर्षी तो खड्डा भरून वर वाढही दाखवावी लागते.

३. चांगल्या पगाराचे, शिकलेसवरलेले लोक हा धोका का पत्करतात?

कारण बाजार आकड्याला मोजतो. शेअर नफ्याच्या २५ पट भावाने चालत असेल तर १ कोटीच्या खोट्या नफ्याने कंपनीचे बाजारमूल्य २५ कोटींनी फुगते. प्रवर्तकाने (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्या मालकाने) शेअर तारण ठेवून कर्ज उचलले असेल तर भाव पडणे त्याला परवडत नाही. व्यवस्थापकाचा बोनस आणि ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरल्या भावाने मिळणारे शेअर) याच भावाला बांधलेले. बँकेच्या कर्जाच्या अटींत ‘नफा अमुक पटीच्या खाली जाता कामा नये’ असे कलम असते. राजूंनी आणखी एक कारण दिले होते: प्रवर्तकांचा हिस्सा थोडा असल्याने कामगिरी खराब दिसली तर कंपनी कोणीतरी ताब्यात घेईल ही भीती.

ग्रॅहम, हार्वे आणि राजगोपाल या अभ्यासकांनी २००५ मध्ये ४०१ अमेरिकी वित्त अधिकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. नफ्याची रेषा गुळगुळीत दिसावी म्हणून कंपनीच्या खऱ्या मूल्याचा काही भाग सोडायला तयार असल्याचे ७८ टक्क्यांनी सांगितले.

दबाव बहुतेकदा वरून येतो. जपानच्या तोशिबामध्ये अध्यक्ष विभागप्रमुखांना तिमाही संपायला थोडे दिवस उरले असताना ‘चॅलेंज’ नावाची उद्दिष्टे द्यायचे. चौकशी समितीने २०१५ मध्ये सुमारे १५२ अब्ज येनांचा फुगवलेला नफा उघड केला. ‘आकडे खोटे करा’ असा लेखी हुकूम कोणी काढला नव्हता. अशक्य उद्दिष्ट आणि नकार ऐकून न घेणारा साहेब एवढे पुरले.

४. विक्री कशी फुगवतात?

सर्वांत सोपा प्रकार आपल्याकडे मार्च एंडिंगला घडतो. २९-३० मार्चला डीलरच्या नावाने बिले फाडायची, माल त्याच्या गोदामात ढकलायचा, आणि ‘एप्रिलमध्ये परत घेऊ’ किंवा ‘पैसे सहा महिन्यांनी द्या’ असे तोंडी सांगायचे. विक्री या वर्षात पडली. लेखा मानक इंड एएस ११५ प्रमाणे मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेल्याशिवाय आणि माल परत येण्याची शक्यता हिशेबात धरल्याशिवाय ही विक्री दाखवता येत नाही. पण तोंडी आश्वासन ऑडिटरच्या फायलीत नसते.

सनबीम या अमेरिकी कंपनीचे उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात जवळजवळ सगळे डाव एकत्र सापडतात. तोट्यातल्या कंपन्या ‘वर काढणारा’ म्हणून नावाजलेला अल डनलॅप जुलै १९९६ मध्ये तिथे आला. त्याच वर्षाच्या हिशेबात पुनर्रचनेच्या नावाखाली ३३ कोटी डॉलरहून मोठा बोजा टाकला गेला. त्यात गरजेपेक्षा जास्त केलेल्या तरतुदी (पुढच्या खर्चासाठी नफ्यातून आधीच बाजूला काढलेल्या रकमा) होत्या, सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या, पुढच्या वर्षी गुपचूप नफ्यात वळवायला. १९९७ मध्ये बार्बेक्यू ग्रिल, जी लोक उन्हाळ्यात घेतात, ती दुकानदारांना हिवाळ्याआधीच विकल्याचे दाखवले. दुकानदाराने आताच ऑर्डर द्यायची, सवलत घ्यायची, पैसे नंतर द्यायचे, आणि माल सनबीमच्याच गोदामात पडून राहायचा. वर्षाचे विक्रमी उत्पन्न १८.९ कोटी डॉलर जाहीर झाले. त्यातले किमान ६.२ कोटी घोटाळ्यातून आले होते, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने पुढे म्हटले. १९९८ च्या वसंतात दुकानदारांकडे ग्रिल आधीच भरलेल्या होत्या, नवी ऑर्डर येईना. जूनमध्ये डनलॅपला काढले, २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

बाहेरून हे कसे दिसते? विक्री १५ टक्क्यांनी वाढली आणि येणी ४५ टक्क्यांनी, तर विचारणा करा. २०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ नुसार येण्यांचा वयवार तक्ता द्यावा लागतो: ६ महिन्यांच्या आतली, ६ महिने ते १ वर्ष, असे ३ वर्षांपुढच्या येण्यांपर्यंत. सामान्य वाचकाच्या हातात अलीकडे आलेले हे सर्वांत कामाचे पान आहे.

५. खर्च लपवायची पद्धत कोणती?

खर्चाला मालमत्ता म्हणायचे. वर्ल्डकॉम ही अमेरिकी दूरसंचार कंपनी दुसऱ्यांच्या तारा वापरण्याचे भाडे भरायची. तो रोजचा खर्च. व्यवस्थापनाने तो भांडवली खर्चात टाकला, म्हणजे नफ्यावर एका वर्षात पडणारा भार अनेक वर्षांवर पसरला. जून २००२ मध्ये बाहेर आलेला पहिला आकडा ३.८ अब्ज डॉलरचा होता, अंतिम बेरीज ११ अब्जांच्या घरात गेली. हे पकडले कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षक सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेही बराचसा तपास रात्री गुपचूप करून.

आपल्याकडे ‘अपूर्ण भांडवली कामे’ आणि ‘विकसनाधीन अमूर्त मालमत्ता’ या ताळेबंदातल्या दोन ओळी पाहा. पगार, कर्जाचे व्याज, सॉफ्टवेअरचा खर्च तिथे जाऊन बसतो. काम वर्षानुवर्षे ‘अपूर्ण’ राहते तोवर घसाराही लागत नाही. याचाही वयवार तक्ता आता सक्तीचा आहे. मुदत उलटलेले किंवा अंदाजपत्रक ओलांडलेले प्रकल्प वेगळे दाखवावे लागतात.

६. एखादी कंपनी एकाच वर्षी प्रचंड तोटा का दाखवते?

कधी तोटा खरा असतो. पण नवा मुख्याधिकारी आला की पहिल्याच वर्षी सगळे बुडीत एकदम काढण्याची रीत आहे. दोष आधीच्या माणसाच्या माथी जातो आणि फुगवलेल्या तरतुदींचा साठा हाताशी राहतो. पुढच्या वाईट तिमाहीत त्यातून थोडे थोडे ‘परत घेतले’ की नफा दिसतो. अमेरिकी रोखे आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी सप्टेंबर १९९८ च्या भाषणात या दोन्ही डावांवर बोट ठेवले होते. टिपणांतल्या तरतुदींच्या तक्त्यात ‘परत घेतलेली रक्कम’ असा रकाना असतो. तो नफ्याच्या वाढीइतकाच मोठा असेल तर वाढ धंद्यातून आलेली नाही.

७. नोंदी सगळ्या खऱ्या, तरी नफा ‘मॅनेज’ केलेला असू शकतो का?

हो, आणि कंपनीचे सर्वांत जास्त नुकसान मला इथेच दिसते. जाहिरात थांबवायची, यंत्रांची देखभाल पुढे ढकलायची, संशोधनाचा खर्च कापायचा. नोंदी चोख, तिमाहीचा आकडा गाठला, पुढची दोन वर्षे गेली. प्रश्न ३ मधल्या पाहणीत उद्दिष्ट गाठण्यासाठी असा खर्च कापू असे ८० टक्क्यांनी म्हटले होते.

कारखान्यातला एक प्रकार पटकन लक्षात येत नाही. समजा स्थिर खर्च १० लाख आहे आणि विक्री १,००० नगांची. १,००० नग बनवले तर प्रत्येक नगावर १,००० रुपये स्थिर खर्च बसतो, सगळा या वर्षीच्या नफ्यातून जातो. २,००० बनवले तर नगाला ५०० बसतात. विकलेल्या १,००० नगांबरोबर ५ लाखच खर्ची पडतात, उरलेले ५ लाख न विकलेल्या साठ्याच्या किमतीत जाऊन बसतात. विक्री तेवढीच, नफा ५ लाखांनी जास्त, आणि गोदाम भरलेले. म्हणून विक्रीपेक्षा साठा वेगाने वाढत असेल तर थांबून पाहावे.

८. मुद्दाम नफा कमीही दाखवतात का?

दाखवतात. कर वाचवायला, वेतन कराराच्या वाटाघाटींआधी, अल्पसंख्य भागधारकांचे शेअर स्वस्तात घ्यायचे असतील तेव्हा, किंवा सरकारकडून संरक्षण हवे असेल तेव्हा. परदेशी आयातीपासून संरक्षण मागणाऱ्या अमेरिकी कंपन्या चौकशीच्या काळात नफा कमी दिसेल अशा नोंदी करत होत्या, हे जेनिफर जोन्स यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. बिगरसूचीबद्ध कौटुंबिक कंपन्यांत ओढ बहुधा याच दिशेला असते. शेअर बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ती उलटते आणि नफा अचानक उसळतो. आयपीओचे माहितीपत्रक वाचताना हे डोक्यात ठेवा.

९. नफा फुगवला तर त्यावर कर भरावा लागणारच ना? मग कोण कशाला फुगवेल?

कधी कधी खोट्या नफ्यावर खरा कर भरला जातो, कारण प्रश्न ३ मधल्या हिशेबाने बाजारमूल्यातला फायदा करापेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय पुस्तकी नफा आणि करपात्र नफा वेगवेगळे असतात. रोकड प्रवाह पत्रकात ‘प्रत्यक्ष भरलेला कर’ ही ओळ असते. सवलतींचे स्पष्ट कारण नसताना तो वर्षानुवर्षे नफ्याच्या मानाने फार कमी असेल तर करखात्यापुढे कंपनी वेगळे चित्र मांडते आहे का, हे विचारावे.

१०. ‘नफा मत आहे, रोकड वस्तुस्थिती’ असे ऐकतो. मग फक्त रोकड पाहिली तर चालेल का?

सुरुवात तिथून जरूर करा. पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज आणि पाच वर्षांत कामकाजातून आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी शेजारी लिहा. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. रोकड नफ्यापेक्षा सतत खूप कमी असेल तर उरलेला नफा ताळेबंदात कुठे साचला ते शोधा. वेगाने वाढणाऱ्या किंवा सरकारी कंत्राटे घेणाऱ्या प्रामाणिक कंपनीचीही रोकड मागे पडते, हे मात्र लक्षात असू द्या.

रोकडही सजवता येते. ३१ मार्चआधी येणी वित्तसंस्थेला विकून पैसे उचलायचे, पुरवठादारांची देणी एप्रिलमध्ये ढकलायची. प्रश्न ५ मधला डाव खेळला की तो खर्च ‘गुंतवणुकी’च्या गटात जातो आणि कामकाजाची रोकडही फुगते, म्हणजे वर्ल्डकॉमसारखा घोटाळा या चाचणीतून निसटतो. तिथे भांडवली खर्च वजा करून उरलेली रोकड पाहावी लागते.

आणखी एक अडचण: जून आणि डिसेंबर तिमाहीच्या निकालांबरोबर ताळेबंद आणि रोकड प्रवाह पत्रक सहसा येतच नाही, ते सहा महिन्यांनी येते. तिमाही निकालांचे पूर्ण ऑडिटही नसते, मर्यादित पुनरावलोकन असते. मार्च तिमाहीचा आकडा म्हणजे पूर्ण वर्षातून आधीच्या नऊ महिन्यांचे आकडे वजा करून उरलेली रक्कम. नऊ महिने पुढे ढकललेल्या दुरुस्त्या त्यात येऊन पडतात.

११. सत्यमच्या वेळी तर बँकेत रोकड दिसत होती. मग?

प्रश्न १० मधली चाचणी हमखास फसते ती याच प्रकारात. येणी फार वाढली तर लोक विचारतील, म्हणून खोट्या बिलांचे पैसे ‘वसूल झाले’ असे दाखवले गेले आणि खोटा नफा थेट बँक शिलकीत बसवला. सप्टेंबर २००८ च्या एकाच तिमाहीचे कबुलीपत्रातले आकडे पाहा. दाखवलेले उत्पन्न २,७०० कोटी, खरे २,११२ कोटी. दाखवलेला कामकाजाचा नफा ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. फरक दोन्हीकडे ५८८ कोटी, आणि त्या तिमाहीत रोख शिलकीत खोटी वाढ तेवढीच, ५८८ कोटी. दुहेरी नोंद अशी तंतोतंत जुळते. एकूण ५,३६१ कोटींच्या शिलकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. बातमी आली त्या दिवशी शेअर ७५ टक्क्यांहून जास्त पडला. त्याच कंपनीला २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळालेला होता.

अशा वेळी दोन प्रश्न विचारायचे. एक, एवढ्या शिलकीवर व्याज किती मिळाले? वर्षाच्या सरासरी शिलकीने व्याजाला भागा आणि मुदत ठेवींच्या दराशी ताडून पाहा. दोन, हाताशी एवढी रोकड असताना कंपनी कर्ज का काढते, लाभांश इतका कमी का देते?

रोकड नसण्याचा प्रकार भारतापुरता नाही. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो ज्या फिलिपिन्सच्या बँकांत असल्याचे सांगितले होते, त्या बँकांनी कागदपत्रेच बनावट असल्याचे कळवले.

१२. ऑडिटर काय करत असतात?

ऑडिटर नमुना तपासतो आणि ‘वाजवी खात्री’ देतो. त्याची नेमणूक कागदोपत्री भागधारक करतात, प्रत्यक्षात नाव व्यवस्थापन सुचवते. तरीही काही चुकांना माफी नाही. बँकेतल्या शिलकीची खात्री ऑडिटरने थेट बँकेकडून करून घ्यायची असते. सत्यमच्या बाबतीत ऑडिट संस्थेने ही पत्रे पाठवण्याचे-मिळवण्याचे काम कंपनीच्याच हाती राहू दिले, हा ठपका अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये ठेवला.

त्यानंतर आपल्याकडे बदल झाले. सूचीबद्ध कंपनीत एकच ऑडिट संस्था सलग १० वर्षांहून जास्त राहू शकत नाही, आणि ऑक्टोबर २०१८ पासून ऑडिटरांवर कारवाईसाठी एनएफआरए हे स्वतंत्र प्राधिकरण आहे. मुदतीआधी ऑडिटरने राजीनामा दिला तर कारण वाचा. ‘कामाचा व्याप’ हे कारण मे महिन्यात, निकालांच्या तोंडावर दिलेले असेल तर मी तरी ते मानत नाही. सेबीने ऑक्टोबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून अर्धवट सोडून जाण्यावर बंधने घातली, ती याच अनुभवातून.

१३. उपकंपन्या आणि ‘संबंधित पक्ष’ यांत इतके काय दडलेले असते?

प्रवर्तकाच्या भावाच्या कंपनीला माल विकला तर भाव, उधारी, परतफेड सगळे घरातच ठरते. तोट्याची कंपनी पुस्तकाबाहेर ठेवायची आणि नफ्याची आत घ्यायची, हाही डाव. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने तेच केले. वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो स्वतः चालवत असलेल्या भागीदारी संस्थांना मालमत्ता ‘विकून’ नफा दाखवला आणि कर्ज दडवले. ऑक्टोबर २००१ मध्ये ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा आणि भागभांडवलात १.२ अब्ज डॉलरची घट जाहीर झाली, २ डिसेंबरला दिवाळखोरी. महाराष्ट्राने ती कंपनी गुहागर तालुक्यात जवळून पाहिली. दाभोळ वीजप्रकल्प त्याच वर्षी बंद पडला होता.

भारतात सूचीबद्ध कंपनीच्या अशा व्यवहारांना ऑडिट समितीची मंजुरी लागते, मोठ्या व्यवहारांना भागधारकांची, आणि संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. टिपणातला तक्ता वाचताना विक्रीपेक्षा कर्जे, आगाऊ रकमा आणि हमी यांकडे आधी पाहा.

१४. बँका आणि पतसंस्थांना हे नियम लागू पडतात का? तिथे येणी-साठा काही नसतो.

तिथे डाव बुडीत कर्जाचा. ९० दिवस थकले की कर्ज एनपीए (अनुत्पादक कर्ज), मग तरतूद, मग नफ्याला कात्री. ते टाळायला ३१ मार्चच्या आधी नवे कर्ज देऊन जुने फेडून घेतात. गावाकडे ‘नवं-जुनं’ म्हणतात तेच, मोठ्या आकड्यांत. येस बँकेने २०१५-१६ चे ढोबळ एनपीए सुमारे ७४९ कोटी दाखवले होते, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ते सुमारे ४,९२६ कोटी निघाले. २०१७ पासून असा मोठा फरक बँकेला वार्षिक अहवालात छापावा लागतो. तो परिच्छेद ‘डायव्हर्जन्स’ नावाने शोधा.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण आपल्या कितीतरी घरांना लागले. ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाला गेले होते आणि ते झाकायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला १,००० रुपयेच काढता येत होते. पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्याने व्याजदराआधी एनपीएचे प्रमाण आणि पहिल्या २० कर्जदारांचा वाटा विचारावा. वार्षिक सभेत हे विचारायचा सभासदाला पूर्ण अधिकार आहे.

१५. एखादे सूत्र आहे का, जे घालून लगेच कळेल?

मेसोड बेनिश यांनी १९९९ मध्ये मांडलेला एम-स्कोअर प्रसिद्ध आहे. येणी, ढोबळ नफा, घसारा, कर्ज अशा आठ गुणोत्तरांतून एक आकडा निघतो. तो साधारण उणे १.७८ पेक्षा मोठा असेल तर संशय घ्यायचा. कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९८ मध्येच या मॉडेलच्या आधारे एन्रॉनवर बोट ठेवले होते. बँका, वित्तसंस्था यांना ते लागू करू नका. नुकतीच दुसरी कंपनी विकत घेतलेल्या प्रामाणिक कंपनीवरही ते लाल दिवा लावते. सूत्राने कुठे पाहायचे ते कळते, तेवढाच त्याचा उपयोग.

१६. दोनशे पानांचा अहवाल कुठून वाचायला घेऊ?

मागून. आधी ऑडिटरचा अहवाल: मत सशर्त आहे का, ‘की ऑडिट मॅटर्स’ (ऑडिटरला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले मुद्दे) कोणते. मग त्याचे कॅरो परिशिष्ट (सरकारने ठरवून दिलेल्या मुद्द्यांवर ऑडिटरने द्यायची उत्तरे). त्यात बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट आणि पुस्तके यांत फरक असल्यास तो लिहिलेला असतो, आणि तो फार बोलका असतो. मग येण्यांचे वय, संबंधित पक्ष, संभाव्य देणी, प्रवर्तकांचे तारण शेअर (हे जाहीर करणे सत्यमनंतर, जानेवारी २००९ मध्ये सक्तीचे झाले). अध्यक्षांचे भाषण शेवटी.

१७. मी अकाउंट्समध्ये आहे. साहेब मागील तारखेची बिले टाकायला सांगतात. काय करू?

तुमच्या लॉगिनने ती नोंद करू नका. कलम ४४७ मध्ये फक्त संचालक येतात असा समज आहे, तो चुकीचा. फसवणुकीत सामील कोणीही येतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद राहणे सक्तीचे आहे, म्हणजे बिल कोणी कधी टाकले हे राहणारच. सूचना तोंडी आली असेल तर ‘आपण सांगितल्याप्रमाणे ही नोंद कोणत्या कागदपत्रावर करायची?’ असा साधा ईमेल पाठवा. पुष्कळदा विषय तिथेच थांबतो.

थांबला नाही तर सूचीबद्ध कंपनीत कलम १७७ खालील दक्षता यंत्रणा आहे, आणि योग्य प्रसंगी थेट ऑडिट समितीच्या अध्यक्षांकडे जाता येते. बक्षीस देणारी सेबीची खबर योजना इनसायडर ट्रेडिंगपुरती आहे, हिशेबातल्या घोटाळ्याला तिचा आधार धरू नका. नोकरी जाण्याची भीती खरी आहे, ती कमी लेखू नका. कागद घरी नेण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

१८. निनावी तक्रारीची बातमी आली की शेअर विकून टाकावा का?

लगेच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्फोसिसच्या हिशेबांबद्दल निनावी तक्रारींची बातमी आली, शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. जानेवारी २०२० मध्ये ऑडिट समितीने आरोपांना पुरावा नसल्याचे जाहीर केले. तक्रारीत ठोस व्यवहार, तारखा, रकमा आहेत का ते पाहा आणि त्या प्रश्न ४, ५ आणि ११ मधल्या ओळींशी ताडून पाहा. उत्तर सापडेना आणि झोप उडाली, तर हिस्सा कमी करणे यात कमीपणा काही नाही.

१९. घोटाळा सिद्ध झाला तर छोट्या भागधारकाला पैसे परत मिळतात का?

आजवरचा अनुभव दुखावणारा आहे. सत्यमच्या अमेरिकेतल्या एडीआर-धारकांनी (तिथल्या बाजारात कंपनीच्या शेअरवर आधारित पावत्या घेतलेल्यांनी) सामूहिक दावा लावला आणि कंपनीने २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. भारतातल्या भागधारकांना अशी भरपाई मिळाली नाही, कारण आपल्या कंपनी कायद्यात तेव्हा सामूहिक दाव्याची तरतूदच नव्हती. कंपनी एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने घेतली म्हणून शेअर शून्यावर गेला नाही, एवढाच दिलासा.

आता कलम २४५ आहे. कंपनी, संचालक आणि ऑडिटर यांच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे सामूहिक दावा करता येतो. त्यासाठी सभासदसंख्येच्या ५ टक्के किंवा १०० भागधारक, यांतली कमी संख्या पुरते. सूचीबद्ध कंपनीत २ टक्के भागभांडवल असलेले भागधारकही दावा लावू शकतात. बँकिंग कंपन्यांना हे कलम लागू नाही. बँकेचे शेअर असतील तर सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर तक्रार करा, आणि ऑडिटरविषयी तक्रार असेल तर ती एनएफआरएकडे वेगळी पाठवा.